परांची ठेवावी की काढावी?

गल्लीत एखादी नवी इमारत उभी राहत असली, की तिच्याभोवती बांबूंचा सांगाडा बांधलेला दिसतो. गवंडी आणि रंगारी त्यावर उभे राहून काम करतात. या सांगाड्याला परांची म्हणतात. इमारत पूर्ण झाली, की परांची उतरवली जाते. ती तशीच ठेवून कोणी राहायला येत नाही. पण त्या इमारतीत राहायला आलेली माणसे आणखी एक गोष्ट करतात. जमिनीला बसवून उरलेल्या पाच-सहा फरश्या ती माळ्यावर ठेवून देतात. पुढे एखादी फरशी फुटली, तर त्याच रंगाची आणि त्याच नक्षीची फरशी बाजारात मिळेलच असे नाही. बांधकामानंतर उरलेले सगळे सामान सारखे नसते, हे त्यांना ठाऊक असते.

संगणकातही असे सामान उरते. आपण संगणकावर एखादा नवा प्रोग्राम बसवतो, तेव्हा आधी त्याची सेटअप फाईल आणावी लागते. ती आपण इंटरनेटवरून उतरवून घेतो किंवा कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून घेतो. प्रोग्राम सुरू झाला, की त्या फाइलीकडे आपले लक्ष राहत नाही. अशी एक-एक फाईल साठत जाते आणि वर्ष-दोन वर्षांत ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये त्यांची गर्दी होते. मग एके दिवशी संगणक सांगतो, की डिस्कवर जागा उरलेली नाही. घरात लगेच दोन पक्ष पडतात. भाईजान म्हणतात, “पुसून टाक सगळ्या!” अब्बा म्हणतात, “राहू दे, कधीतरी उपयोगी पडतील.”

यांपैकी कोणाचे ऐकावे? त्यासाठी सेटअप फाईल काय काम करते, ते आधी पाहिले पाहिजे.

लांबच्या प्रवासाला निघताना आपण कपड्यांच्या घड्या घालतो आणि ते दाबून पेटीत भरतो. सेटअप फाईल ही अशीच दाबून भरलेली पेटी असते. लिब्रेऑफिस हा एक मोफत मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात पत्रे, निबंध, हिशेब अशी कामे करता येतात. विंडोजसाठी असलेली त्याची सेटअप फाईल साधारण ३५० एमबीची असते. बसवल्यानंतर मात्र या प्रोग्रामला दीड जीबीपर्यंत जागा लागू शकते. पेटीतले सामान बाहेर काढून घरभर मांडले, की ते जास्त जागा घेते, तसेच हे आहे.

सेटअप फाइलीवर दोनदा क्लिक केले, की ही पेटी उघडते. आतले शेकडो भाग ‘प्रोग्राम फाइल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आपापल्या जागी ठेवले जातात. कोणता भाग कोठे ठेवला, याची नोंद विंडोज आपल्या ‘रजिस्ट्री’ नावाच्या नोंदवहीत करते. पडद्यावर प्रोग्रामचे छोटे चित्र येते. हे काम चालू असताना काही फाइली ‘टेम्प’ या फोल्डरमध्ये तात्पुरत्या काढून ठेवल्या जातात. काम संपल्यावर त्या पुसल्या जायला हव्यात, पण पुष्कळदा तेथेच पडून राहतात. एवढे झाले, की प्रोग्राम स्वतःच्या पायावर उभा राहतो. तुम्ही रोज लिब्रेऑफिस उघडता, तेव्हा तो प्रोग्राम फाइल्समधून सुरू होतो. डाउनलोड्समधली सेटअप फाईल त्या वेळी कोणी पाहतसुद्धा नाही. ती आहे की पुसली, याने काहीच फरक पडत नाही. पुढे कधी दुरुस्ती करताना प्रोग्रामने ती मागितलीच, तर ती पुन्हा उतरवून घेता येते.

येथे एक अडचण आहे. काही छोटे प्रोग्राम बसवावे लागतच नाहीत. त्यांची फाईल हाच त्यांचा प्रोग्राम असतो. विंडोज बसवण्यासाठी पेनड्राइव्ह तयार करून देणारा ‘रूफस’ हा असाच प्रोग्राम आहे. त्याची फाईल पुसली, तर प्रोग्रामच गेला. मग ओळखायचे कसे? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये बसवलेल्या प्रोग्रामची यादी असते. त्या यादीत प्रोग्रामचे नाव असेल, तर तो बसलेला आहे, असे बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. पुसण्यापूर्वी ही यादी एकदा पाहावी.

आता अब्बांच्या म्हणण्याकडे वळू. सेटअप फाइली जपण्याची सवय लोकांना उगाच लागली नाही. विंडोज ९५ हे १९९५ मध्ये बाजारात आले. ते सीडीवर मिळत असे, तसेच फ्लॉपीवरही मिळत असे. फ्लॉपी ही तळहाताएवढी चौकोनी तबकडी असे. विंडोज ९५ साठी अशा १३ फ्लॉप्या लागत. पहिली घाला, ती संपली की दुसरी, मग तिसरी. त्यांतली एक जरी खराब निघाली, तरी सगळे काम अडून बसे. पुढे विंडोज ९८ आले आणि सीडी सर्वत्र दिसू लागल्या. पण त्रास संपला नव्हता. संगणकाला साधा नवा प्रिंटर जोडला, तरी पडद्यावर सूचना येई : विंडोज ९८ ची सीडी घाला. ती सीडी कोणाच्या तरी कपाटात कुलूपबंद असे! म्हणून जाणकार कारागीर सीडीवरचा सेटअपचा फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवत. सीडी मागितली, की संगणकाला त्या फोल्डरचा पत्ता देत आणि काम पुढे चाले.

इंटरनेटचीही गोष्ट अशीच होती. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ती सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या या सेवेचा वेग सुरुवातीला सेकंदाला ९.६ किलोबिट इतका होता. तुम्हीच हिशेब करून पाहा. १० एमबीची फाईल म्हणजे सुमारे ८०,००० किलोबिट. त्याला ९.६ ने भागले, तर ८,३३३ सेकंद होतात. म्हणजे दोन तास आणि वर जवळजवळ १९ मिनिटे! एवढा वेळ घरचा फोन अडकलेला. मध्येच लाइन तुटली, तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एवढ्या कष्टाने आणलेली फाईल कोण पुसेल? त्या काळात ती जपणे हाच शहाणपणा होता.

आज सेकंदाला १० मेगाबिट एवढा साधा वेग असला, तरी लिब्रेऑफिसची ३५० एमबीची फाईल पाच मिनिटांच्या आत येते. ज्या गोष्टीला पूर्वी रात्र जागावी लागे, ती आता चहा होईपर्यंत होते. शिवाय पुन्हा उतरवली, की नवी आवृत्ती मिळते, हा वेगळा फायदा. हा फायदा लहान समजू नका. प्रोग्राममध्ये कधी कधी अशी भोके सापडतात, की त्यांतून चोर आत शिरू शकतात. कंपनी ती भोके बुजवते आणि नवी आवृत्ती काढते. विनरार हा फाइली दाबून भरण्याचा प्रसिद्ध प्रोग्राम आहे. २०२३ मध्ये त्यात असेच एक भोक सापडले. चोरांनी त्याचा वापरही सुरू केला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.२३ या आवृत्तीत ते बुजवले गेले. आता कोणी डाउनलोड्समध्ये पडलेली २०२२ ची सेटअप फाईल चालवून विनरार बसवला, तर त्याने बुजवलेले भोक पुन्हा पाडले असेच म्हणावे लागेल. शिळे अन्न आपण फेकतो. जुन्या सेटअप फाइली पुष्कळदा शिळ्या झालेल्या असतात.

काही सेटअप फाइली तर नावालाच सेटअप असतात. क्रोम ब्राउझरची जी छोटी फाईल सहसा मिळते, तिच्यात ब्राउझर नसतोच. ती फक्त इंटरनेटवर जाऊन खरे सामान मागवते. इंटरनेट नसेल, तर तिचा उपयोग शून्य. आणि इंटरनेट असेल, तर ती दुसऱ्यांदा सहज मिळते. अशी फाईल जपून काय मिळणार?

म्हणून डाउनलोड्समधल्या बहुतेक सेटअप फाइली खुशाल पुसाव्यात. मात्र पुसल्याने संगणक वेगाने धावू लागेल, अशी आशा बाळगू नका. पडून राहिलेली फाईल जागा अडवते, पण काम अडवत नाही. डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल, तरच जागा मोकळी केल्यावर वेगात फरक जाणवतो. आणखी एक गोष्ट. पुसलेली फाईल आधी ‘रिसायकल बिन’ या टोपलीत जाते. ती टोपली रिकामी करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. पुष्कळ जण येथेच फसतात. दहा फाइली पुसतात, जागा तेवढीच दिसते आणि मग संगणकालाच दोष देतात.

आतापर्यंत आपण परांचीविषयी बोललो. आता माळ्यावरच्या फरश्यांकडे वळू. खरा धोका येथे आहे.

विंडोज ज्या फोल्डरमध्ये बसलेली असते, त्याच्या आत ‘इन्स्टॉलर’ नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो. सहज पाहिले तर तो दिसत नाही. अनेक प्रोग्राम बसवताना विंडोज त्यांच्या सेटअपची एक प्रत या फोल्डरमध्ये स्वतःसाठी ठेवते. लिब्रेऑफिस बसवले, तरी तशी प्रत ठेवली जाते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या अनेक आवृत्त्यांच्या बाबतीतही असेच होते. पुढे प्रोग्राम दुरुस्त करायचा असेल, त्यात सुधारणा घालायची असेल किंवा तो काढून टाकायचा असेल, तेव्हा विंडोज ही प्रत उघडून पाहते. म्हणजे फरशी बसवण्यासाठीच नव्हे, तर ती नीट उखडण्यासाठीही माळ्यावरचे सामान लागते.

समजा, एका शाळेच्या कार्यालयातील संगणकाची डिस्क भरली. कोणीतरी सगळे फोल्डर शोधले. त्यात हा इन्स्टॉलर फोल्डर सापडला. तो २० जीबीचा निघाला! आतल्या फाइलींची नावे म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरे. त्यांचा अर्थ कोणालाच कळेना. म्हणून त्या सगळ्या पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला. सगळे प्रोग्राम व्यवस्थित चालले. जागाही भरपूर झाली. सर्वांना आनंद झाला. सहा महिन्यांनी ऑफिसची सुधारणा आली आणि ती बसेना. प्रोग्राम काढून नव्याने बसवू म्हटले, तर तो निघेना. पडद्यावर एकच प्रश्न : अमुक नावाची फाईल कोठे आहे? शेजारच्या संगणकावरून ती आणावी म्हटले, तर तेथे त्या नावाची फाईलच नाही. कारण ही नावे प्रत्येक संगणकावर वेगळी पडतात. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. शेवटी दाखले, पगारपत्रके, परीक्षेचे तक्ते बाहेर काढून संगणकावर सगळे नव्याने बसवण्याची वेळ येते. चूक केली त्या दिवशी काहीच बिघडत नाही, सहा महिन्यांनी बिघडते. म्हणूनच ही चूक वाईट. बिघाड कशामुळे झाला, हे तोपर्यंत कोणाला आठवतही नाही.

ऑफिसच्या २००३, २००७ आणि २०१० या आवृत्त्या आणखी एक लपवलेला फोल्डर तयार करत. त्याचे नाव ‘एमएसओकॅश’. सीडी पुन्हा पुन्हा मागावी लागू नये, म्हणून सीडीवरचे सामानच त्यात ठेवलेले असे. जुन्या संगणकावर तो दिसला, तर सीडी हाताशी असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. विंडोज १० वरून विंडोज ११ वर गेलात, की जुनी विंडोज या फोल्डरमध्ये बांधून ठेवली जाते. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे पुष्कळ संगणकांवर हा बदल झाला आणि पुष्कळांना हा फोल्डर दिसला. तो दहा-वीस जीबी जागा सहज घेतो. नव्या घरात राहायला गेल्यावर आपण जुन्या घराची किल्ली काही दिवस परत करत नाही, त्यातलाच हा प्रकार. नवी विंडोज नीट चालली नाही, तर १० दिवसांच्या आत मागे जाता येते. त्यानंतर विंडोज तो फोल्डर आपोआप पुसते. घाई असेल, तर तुम्ही आधीही पुसू शकता. पण मग परतीची वाट बंद होते. आणि पुसण्यापूर्वी त्याच्या आतला ‘यूजर्स’ फोल्डर उघडून पाहायला विसरू नका. विंडोज नव्याने बसवताना कोणी जुने सामान तसेच राहू दिले असेल, तर तुमचे जुने निबंध आणि फोटो तेथे अडकलेले असू शकतात.

या सगळ्यातून एक साधी ओळख सांगता येते. जी फाईल आपण आणली, ती आपण पुसावी. जी फाईल विंडोजने स्वतःसाठी ठेवली, ती काढण्याचे काम विंडोजलाच सांगावे. त्यासाठी विंडोजने सोय केलेली आहे. ‘डिस्क क्लीनअप’ नावाचे साधन विंडोज ९८ पासून मिळू लागले. आता सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ या भागातही ती सोय आहे. तेथे तात्पुरत्या फाइली, जुन्या सुधारणांचे अवशेष, विंडोज डॉट ओल्ड अशी यादी दिसते आणि प्रत्येकापुढे किती जागा मोकळी होईल, ते लिहिलेले असते. हव्या त्या नावापुढे खूण करायची. या यादीत डाउनलोड्सचेही नाव असते. त्यापुढे मात्र विचार न करता खूण करू नका. त्या फोल्डरमध्ये सेटअप फाइलींच्या शेजारीच परीक्षेचे प्रवेशपत्र, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचा अर्ज असे कागदही उतरवलेले असतात.

संगणक घरी नसला, तरी मोबाइल असतोच. मोबाइलवरच्या सेटअप फाइलीला एपीके म्हणतात. प्ले स्टोअरवरून ॲप घेतले, तर ही फाईल आपल्याला दिसत नाही. ती येते, ॲप बसते आणि मागे काही उरत नाही. पण कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके फाईल फोनमध्ये पडून राहते. अशी फाईल ठेवावी का, हा प्रश्नच नाही. ती उघडायचीही नाही. लग्नपत्रिकेच्या किंवा वीजबिलाच्या नावाने अशा फाइली पाठवून लोकांचे पैसे चोरल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. लग्नपत्रिका चित्र असते, पीडीएफ असते. ती कधी एपीके नसते. एखाद्याने चुकून तशी फाईल बसवली, तर नुसती फाईल पुसून भागत नाही. पेटी फेकली, तरी आतून बाहेर आलेला साप घरातच राहतो. ते ॲप सेटिंग्जमधून काढावे लागते आणि बँकेला लगेच कळवावे लागते.

मग जपून ठेवावे, असे काहीच नाही का? आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ड्रायव्हर. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय यांना संगणकाशी बोलता यावे, म्हणून जे छोटे प्रोग्राम लागतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या यादीतून एके दिवशी नाहीसा होतो. वायफायच्या ड्रायव्हरची तर गंमतच आहे. विंडोज नव्याने बसवली आणि वायफायचा ड्रायव्हर सापडला नाही, तर तो इंटरनेटवरून आणायचा. पण इंटरनेटवर जायला तोच ड्रायव्हर हवा! म्हणून ही फाईल आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवलेली बरी. शाळेतील संगणक कक्षाचेही तसेच आहे. तेथे १० संगणक असतील आणि इंटरनेट संथ असेल, तर लिब्रेऑफिसची फाईल दहा वेळा उतरवणे म्हणजे साडेतीन जीबी उतरवणे. एकदा उतरवलेली फाईल पेनड्राइव्हवर ठेवली, की दहाही संगणकांचे काम होते. लिब्रेऑफिस असे वाटायला मोकळीक आहे. विकत घेतलेल्या प्रोग्रामची फाईल मात्र अशी वाटता येत नाही. ती आपल्यापुरती जपायची.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती तुमच्या-आमच्या भाषांची आहे.

उर्दूची नस्तालीक लिपी किती सुंदर आहे, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. पण तिच्यात अक्षरे एकमेकांना जोडून तिरकी खाली उतरतात, म्हणून ती यंत्रावर बसवणे फार कठीण होते. वर्षानुवर्षे उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर काम करून नूरी नस्तालीक तयार केले. त्यासाठी सुमारे २०,००० जोडाकार लिहून काढावे लागले. पुढे १९९४ मध्ये भारतातील कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने ‘इनपेज’ हा प्रोग्राम तयार केला आणि साध्या संगणकावर नस्तालीक लिहिणे शक्य झाले. उर्दूची असंख्य पुस्तके, मासिके, लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये तयार झाल्या. मराठीचेही तसेच झाले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रोग्रामवर मराठी मजकूर लिहिला गेला.

या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या अक्षरे साठवताना आपापली वेगळी खूण वापरत. जगातल्या सर्व लिप्यांना एकच ठरलेली खूण देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली खरी. पण ती आपल्या छापखान्यांपर्यंत पोहोचायला पुष्कळ वर्षे गेली. त्यामुळे त्या काळातली मराठी फाईल आज उघडली आणि तिचा फाँट संगणकावर नसला, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. इनपेजची जुनी फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तरी उर्दू दिसत नाही. मजकूर तेथेच असतो, पण तो वाचणारा प्रोग्राम नसतो. एखाद्या शाळेचा २५ वर्षांपूर्वीचा वार्षिक अंक, एखाद्या मोहल्ल्यातल्या शायराच्या गझला किंवा कोणाच्या आजोबांच्या आठवणी अशा फाइलींमध्ये असू शकतात. कागदावरची प्रत हरवली असेल, तर ती फाईल हीच शेवटची प्रत. आणि ती वाचण्याची किल्ली असते त्या जुन्या प्रोग्रामची सेटअप सीडी. डिस्क साफ करणाऱ्याला ती सीडी म्हणजे जुना कचरा वाटते.

परंतु नुसती सीडी जपली, म्हणजे काम झाले असेही नाही. प्रोग्राम बसवताना सीरियल नंबर मागतो. तो बहुधा सीडीच्या वेष्टनावर छापलेला असतो, आणि वेष्टन आधीच फेकलेले असते. काही प्रोग्रामबरोबर संगणकाच्या मागे लावायचे एक छोटे कुलूप मिळत असे. ते लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नसे. आजच्या बहुतेक संगणकांवर ते कुलूप लावायला जागाच नसते. शिवाय फार जुन्या, १६ बिटच्या सेटअप फाइली ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर फक्त ६४ बिटचीच आहे. कधी कधी कंपनीच दार बंद करते. ॲडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला. १२ जानेवारी २०२१ पासून त्याच्या शेवटच्या आवृत्त्यांनी फ्लॅशचे धडे दाखवणेच थांबवले. त्याची सेटअप फाईल जपणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही.

म्हणून जुना प्रोग्राम चालतो आहे तोवर त्यातला मजकूर बाहेर काढणे, हे सर्वांत तातडीचे काम आहे. एक प्रत पीडीएफमध्ये काढावी, म्हणजे पान जसेच्या तसे दिसेल. दुसरी प्रत युनिकोडमध्ये करावी, म्हणजे मजकूर शोधता येईल आणि पुन्हा छापता येईल. असे रूपांतर करून देणारे प्रोग्राम मिळतात. रूपांतर करताना काही अक्षरे बदलतात, म्हणून मूळ छापील पान समोर ठेवून एकदा वाचून घ्यावे लागते. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता येणाऱ्या मुलांना हे काम चांगले जमेल. सुट्टीत आठ-दहा जणांनी मिळून शाळेचा एक जुना अंक सहज पूर्ण होईल.

हे होईपर्यंत सेटअप, फाँट आणि मजकुराच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. ज्या संगणकावर काम चालते, त्याच डिस्कवर दोन्ही ठेवल्या, तर डिस्क बिघडली की दोन्ही जातात. सीडीही कायम टिकत नाही, म्हणून तिच्यावरचे सामान बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. आणि लिफाफ्यावर साध्या अक्षरांत लिहावे : प्रोग्रामचे नाव, आवृत्ती, तो कोणत्या विंडोजवर चालतो, सीरियल नंबर, कुलूप असेल तर ते कोणत्या कपाटात आहे, आणि या प्रोग्रामशिवाय कोणत्या फाइली उघडत नाहीत, त्यांची नावे.